कुलूपबंद घरांचे गणित



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी शाळेने मला बोलावले, हा मी माझा बहुमान समजतो. चांदनीच्या स्थानकावर पॅसेंजर गाडीतून उतरताना मनात एकच विचार होता. ज्या फळ्यावर मी त्रैराशिक शिकलो, त्याच फळ्यासमोर उभे राहून आज काय सांगावे? माझे सारे आयुष्य शेतीच्या आणि कुटुंबांच्या नमुना पाहण्यांत गेले. तेव्हा आपल्या विषयातीलच एक प्रश्न घ्यावा असे ठरविले. तो प्रश्न असा : ज्यांना आपण विचारायला गेलो आणि जे भेटलेच नाहीत, त्यांच्याविषयी आपण काय म्हणावे? हा प्रश्न मला कोणत्याही विद्यापीठात प्रथम भेटला नाही. तो मला गुरुजींनी घातला, आणि तोही माझ्या हातून एक चूक घडल्यानंतर.

चिठ्ठ्यांची पाहणी

गोष्ट १९६०च्या दशकातील आहे. त्या वेळी आपला भाग पूर्व निमाड जिल्ह्यात मोडत असे. बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा व्हायला २००३ साल उजाडावे लागले. नेपानगरचा कागद कारखाना तेव्हा जोमात होता. आसपासच्या रानातील बांबू आणि सलईचे लाकूड तिकडे जात असे. शेतावरची, रानातली आणि इतर हंगामी कामे करणारी कुटुंबे दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघत आणि होळीच्या सुमारास परतत.

सहा ते चौदा वर्षांची किती मुले खरोखर शाळेत येतात, हे गुरुजींना जाणून घ्यायचे होते. हजेरीपटावरचे नाव आणि वर्गात बसलेले मूल यांतील अंतर ते रोज पाहत होते. परगावी गेलेल्या मुलांसाठी प्रवेश होळीपर्यंत खुला ठेवावा आणि त्यांच्या मागे पडलेल्या अभ्यासासाठी एक जादा वर्ग मिळावा, असा अर्ज त्यांना वर पाठवायचा होता. अर्जासोबत आकडा हवा होता. सगळ्या वस्त्यांतील घरोघर हिंडणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी शाळकरी वयाचे मूल असलेल्या घरांच्या चिठ्ठ्या केल्या, त्या पितळी डब्यात घालून हलविल्या आणि आम्हा मोठ्या वर्गातील मुलांकडून काही चिठ्ठ्या उचलून घेतल्या. ज्या घराची चिठ्ठी निघेल तेथे जायचे आणि एका मुलाची माहिती आणायची, एवढेच आमचे काम होते.

माझ्या वाट्याच्या घरांपैकी बऱ्याच घरांना कुलूप होते. मी काय केले? शेजारचे घर उघडे होते, तेथे विचारले आणि चिठ्ठीवरच्या घराच्या रकान्यात ते उत्तर लिहून टाकले. माझा एकही रकाना रिकामा नव्हता, याचा मला अभिमान वाटत होता. गुरुजींनी वही पाहिली आणि विचारले, "अरे, एकही घर बंद नव्हते?" मी खरे ते सांगितले. ते रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, "कुलूप हेही एक उत्तर असते, बाळ. तू ते खोडून टाकलेस."

त्या वाक्याचा अर्थ पुरता कळायला मला पुढची पंधरा वर्षे लागली. तो अर्थ आज आपल्यापुढे मांडतो.

शितावरून भाताची परीक्षा

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. नमुना पाहणीचे सारे शास्त्र या म्हणीत सामावलेले आहे. मात्र म्हणीत न सांगितलेली एक अट आहे. शीत भांड्यातून कुठूनही, निवड न करता उचललेले असले पाहिजे. वरवरचेच शीत दरवेळी उचलले, तर तळाचा भात करपला आहे की कच्चा राहिला आहे, हे कळणार नाही. चिठ्ठ्या डब्यात हलविण्याचा हेतू हाच. त्यामुळे प्रत्येक घराला निवडले जाण्याची ठरावीक संधी मिळते आणि आपल्या अंदाजात किती चूक संभवते हेही गणिताने सांगता येते.

या शास्त्राच्या उभारणीत आपल्या माणसांचा वाटा मोठा आहे. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकांचा उतारा नमुन्याने मोजण्याची पद्धत देशभर रुजविली. आपल्या शेजारच्या इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत काम केलेले डॉ. वि. गो. पानसे आणि डॉ. सुखात्मे यांचा कृषी संशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ साली निघाला. माझ्या पिढीतील अनेकांनी या शास्त्राचा श्रीगणेशा त्याच ग्रंथावर केला.

परंतु चिठ्ठी निघणे वेगळे आणि माहिती मिळणे वेगळे. पिकांच्या पाहणीतही हे घडते. निवडलेल्या शेतावर कर्मचारी पोहोचण्याआधीच पीक कापून नेलेले असते. कापसाच्या तर अनेक वेचण्या होतात. त्यांतील एखादी चुकली की त्या शेताचा आकडा अपुरा राहतो. ज्या शेतांचे पीक लवकर तयार होते तीच शेते पाहणीतून गळत असतील, तर उरलेल्या शेतांवरून काढलेला उतारा साऱ्या तालुक्याचा उतारा कसा म्हणावा?

बंद दाराची किंमत

आता फळ्यावरचे एक उदाहरण घेऊ. गुरुजींची ती वही आज माझ्याजवळ नाही. पुढील आकडे मी केवळ समजावून सांगण्यासाठी सोयीचे घेतले आहेत, हे कृपया ध्यानात असावे.

समजा, २०० घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या. त्यांपैकी १५० घरे उघडी होती, ५० घरांना कुलूप होते. उघड्या घरांतील १५० मुलांपैकी १२० शाळेत जाणारी निघाली. म्हणजे शेकडा ८०. हा आकडा अर्जात लिहिला तर वरचा अधिकारी म्हणेल, "उत्तम आहे, जादा वर्ग कशाला?"

पण कुलूप लागलेल्या घरांतील मुलांपैकी शेकडा ३०च शाळेत जात असतील तर? ५० पैकी १५. मग एकूण १२० अधिक १५ म्हणजे १३५, आणि २००शी प्रमाण पडते शेकडा साडेसदुसष्ट. आपला अंदाज साडेबारा टक्क्यांनी फुगलेला होता. या एका बाजूला झुकण्याला संख्याशास्त्रात अभिनती म्हणतात. तिचे सूत्र लहान आहे : न भेटलेल्यांचे प्रमाण गुणिले भेटलेल्यांच्या आणि न भेटलेल्यांच्या सरासरींतील फरक. येथे पाव गुणिले पन्नास, बरोबर साडेबारा.

या सूत्रात एक गोष्ट कोठेच नाही. ती म्हणजे नमुन्याचा आकार. दीडशे घरांवर काढलेल्या ८० टक्क्यांना योगायोगाच्या चुकीची मर्यादा सुमारे साडेसहा टक्क्यांची पडते, म्हणजे शंभरांतून पंचाण्णव वेळा चूक त्याहून अधिक होणार नाही. दहापट घरे घेतली तर ही मर्यादा दोन टक्क्यांपर्यंत उतरते. पण साडेबारा टक्क्यांची अभिनती जशीच्या तशी राहते. पाहणी मोठी केल्याने आपण सत्याच्या जवळ गेलो नाही. चुकीच्या आकड्याविषयी आपला विश्वास मात्र वाढला. लहान पाहणीतली चूक निदान संकोचाने बोलते, मोठ्या पाहणीतली चूक छाती पुढे काढून बोलते.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीचे. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांकडे मतपत्रिका धाडल्या. २३ लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असे भाकीत झाले. प्रत्यक्षात रुझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. पुष्कळ वर्षे असे शिकविले जाई की, टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्या सुखवस्तू लोकांची नावे घेतल्याने हा घोटाळा झाला. ते खरेच होते. परंतु पेव्हरिल स्क्वायर या अभ्यासकाने १९८८ साली दाखवून दिले की, ज्यांच्याकडे पत्रिका गेल्या त्या सर्वांनी त्या परत पाठविल्या असत्या, तर विजेता तरी बरोबर सांगता आला असता. नमुना सदोष होताच, पण बाजी उलटविली ती न आलेल्या उत्तरांनी.

माहिती का हरवली?

डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली या प्रश्नाला जी शिस्त लावली ती आजही पायाभूत मानली जाते. त्यांच्या विचारानुसार हरवलेली माहिती तीन तऱ्हांची असते.

पहिली तऱ्हा निव्वळ योगायोगाची. नोंदवहीवर शाई सांडली आणि काही पाने वाचता येईनाशी झाली. कोणती पाने खराब व्हावीत याचा मुलांच्या शाळेशी काही संबंध नाही. येथे उरलेल्या पानांवर भरवसा ठेवता येतो; फक्त नमुना थोडा लहान झाला इतकेच.

दुसरी तऱ्हा माहीत असलेल्या कारणाची. मजुरांची घरे अधिक बंद असतात, बागायतदारांची कमी. पण एखादे घर मजुराचे की बागायतदाराचे हे कुलूप असले तरी आपल्याला कळते. मजुरांच्या घरांमध्ये उघडी आणि बंद यांत दुसरा फरक नसेल, तर उघड्या मजूरघरांना अधिक वजन देऊन हिशेब सावरता येतो.

तिसरी तऱ्हा सर्वांत बिकट. जे जाणून घ्यायचे, तेच माहिती हरवण्याचे कारण असते. मूल शाळेत नाही कारण ते आईबापांबरोबर परगावी गेले; आणि घराला कुलूप आहे तेही त्याच कारणाने. येथे शाळेचा अभाव आणि कुलूप या एकाच प्रसंगाच्या दोन बाजू आहेत.

आपल्या उदाहरणात हा भेद आकड्यांनी पाहू. २०० घरांपैकी ८० शेतमालकांची आणि १२० मजुरांची होती असे समजू. शेतमालकांची ७६ घरे उघडी, त्यांतील ७२ मुले शाळेत. मजुरांची ७४ घरे उघडी, त्यांतील ४८ मुले शाळेत. प्रत्येक गटातील उघड्या घरांचे प्रमाण त्या गटातील सर्व घरांना लावले, तर शेतमालकांची जवळजवळ ७६ आणि मजुरांची जवळजवळ ७८ मुले शाळेत ठरतात. बेरीज १५४च्या किंचित आत, म्हणजे शेकडा ७७च्या जवळपास. वजन दिल्याने ८०चे ७७ झाले. सुधारणा झाली, पण साडेसदुसष्टापर्यंत आपण पोहोचलो नाही. कारण गावात राहिलेला मजूर आणि गाव सोडून गेलेला मजूर हे एकसारखे नव्हते. हा फरक उघड्या घरांच्या वहीत कितीही शोधला तरी सापडत नाही. तो पाहायचा तर कुलूप उघडेपर्यंत थांबावे लागते.

माझ्या लहानपणीच्या चुकीचे नावही आता सांगतो. तिला बदली घर घेणे म्हणतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या अनेक फेऱ्यांत निरुपायाने बदली कुटुंब घेण्याची मुभा राहिली आहे. पण का घेतले हे नोंदवावे लागते. माहिती देणारा कामात होता, घरचे लोक बाहेरगावी होते, की त्याने सहकार्य नाकारले? मी बदली घर घेतले यापेक्षा ते लपविले हा माझा खरा दोष होता. बदली घर रकाना भरते. उघड्या घरांचा कौल मात्र दुप्पट मोजते. रिकाम्या जागी सरसकट सरासरी लिहिणे हाही तसाच मोह. त्याने सर्व माणसे एकसारखी दिसू लागतात आणि अंदाजाची अनिश्चितता खोटीच कमी होते. म्हणून रुबिन यांनीच पुढे असे सुचविले की, रिकामी जागा एकदा न भरता अनेकदा, वेगवेगळ्या संभाव्य उत्तरांनी भरावी आणि निष्कर्ष किती हेलकावतो ते पाहावे. आपल्याला किती माहीत नाही, हेही त्यातून कळते.

गुरुजींचा उपाय

मी सुरुवातीला सांगितलेली गोष्ट अर्धीच राहिली. गुरुजींनी मला माझ्या सर्व बंद घरांची खरी यादी करायला लावली. इतरांच्या याद्याही आल्या. अर्ज त्यांनी थांबविला. होळी झाली, लोक परतू लागले. तेव्हा त्यांनी पुन्हा पितळी डबा काढला, फक्त बंद घरांच्या चिठ्ठ्या केल्या आणि दर पाच चिठ्ठ्यांमागे एक उचलायला सांगितली. "सगळीकडे जाणे होणार नाही. पण ज्यांच्याकडे जाल, त्यांना भेटल्यावाचून परत यायचे नाही," ही त्यांची आज्ञा.

पुढे शिकताना मला कळले की, मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ साली हाच मार्ग शास्त्रशुद्ध मांडला होता. टपालाने प्रश्नावली पाठवावी, ज्यांची उत्तरे आली नाहीत त्यांतून एक लहान यादृच्छिक उपनमुना निवडावा आणि तेथे मात्र माणूस पाठवून नेटाने माहिती मिळवावी. गुरुजींनी तो निबंध वाचला असेल असे मला वाटत नाही. चिठ्ठ्यांच्या न्यायावर त्यांची श्रद्धा होती, तिनेच त्यांना तेथवर नेले.

हिशेब सोपा आहे. ५० बंद घरांपैकी १० निवडली, त्यांत ३ मुले शाळेत जाणारी निघाली. प्रत्येक निवडलेले घर पाच घरांच्या वतीने बोलते, म्हणून ३चे १५ झाले. उघड्या घरांतील १२० मिळविले की १३५. अर्थात शेकडा साडेसदुसष्ट. दहा घरांवरचा आकडा डळमळीत नाही का, असे कोणी विचारील. आहेच. तिनाच्या जागी चार मुले निघाली असती तर उत्तर ७० आले असते, दोन निघाली असती तर ६५. पण ही डळमळ दोन्ही बाजूंची आहे आणि मोजता येणारी आहे. ८०चा आकडा मात्र एकाच बाजूला कलंडलेला होता. दहा घरांच्या चिकाटीने जे साधले, ते दीड हजार उघड्या घरांनी साधले नसते.

आणि पुन्हा जाणे शक्यच नसेल तर? तेव्हा प्रामाणिकपणे दोन टोके सांगावीत. सर्व ५० मुले शाळेत धरली तर शेकडा ८५, एकही नाही असे धरले तर शेकडा ६०. निवडलेल्या घरांपुरते सत्य या दोहोंच्या आत आहे, एवढे तरी कोणत्याही गृहीताशिवाय म्हणता येते. अंतर मोठे वाटेल. पण ते आपल्या अज्ञानाचे खरे माप आहे.

त्या दहांपैकी दोन घरे माझ्याकडे आली. एका घरी माझ्याहून चार वर्षांनी लहान मुलगी होती. हजेरीपटावर तिचे नाव होते. तिने मला विचारले, "शाळा अजून चालू आहे ना?" शेजारच्या उघड्या घरावरून मी तिच्या रकान्यात "शाळेत जाते" असे लिहून ठेवले होते. त्या दिवशी मी ते माझ्या हाताने खोडले.

आपल्या देशाचे रकाने

हा प्रश्न गावापुरता नाही. १९८१ साली आसामात आणि १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये परिस्थितीमुळे जनगणना होऊ शकली नाही. त्या वर्षांचे तेथील लोकसंख्येचे आकडे आधीच्या आणि नंतरच्या गणनांच्या आधारे बसविलेले आहेत. जनगणनेनंतर स्वतंत्र तपासणी पाहणी होते. २०११च्या गणनेत हजारी सुमारे २३ माणसे मोजायची राहिली, असे तिच्यात आढळले. १२१ कोटींच्या देशात हे पावणेतीन कोटींच्या घरात जाते. गळती कबूल करून ती मोजणे, हा त्या व्यवस्थेचा मोठेपणा आहे.

मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम पाहत आली आहे. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजारांवर कुटुंबांची माहिती मिळाली. निवडलेल्या स्त्रियांपैकी ९७ टक्के भेटल्या, पुरुषांपैकी ९२ टक्के. पुरुष कामानिमित्त अधिक बाहेर असतात, हे त्याचे उघड कारण. फरक थोडा आहे. पण स्थलांतर हाच पाहणीचा विषय असेल तर तोच थोडा फरक निर्णायक ठरू शकतो. म्हणून कोणताही आकडा वाचताना आपण दोन प्रश्न विचारावेत : किती जणांना विचारले, आणि किती जण भेटले नाहीत? दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा.

समारोप

गुरुजींचा अर्ज नव्या आकड्यासह गेला. त्यावर उत्तर आले नाही. उत्तराची वाट न पाहता त्यांनी त्याच उन्हाळ्यात शाळेच्या ओसरीवर कंदील लावून परतलेल्या मुलांचा वर्ग सुरू केला. किती कंदील लागतील, किती पाट्या लागतील, हे त्यांनी त्या आकड्यावरूनच ठरविले होते. ऐंशीवर विसंबले असते तर ओसरी अपुरी पडली असती.

त्या वर्गात मी धाकट्यांना पाढे शिकवीत असे. ती मुलगीही येत असे. आज येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांत त्या ओसरीवर शिकलेले काही जण असतील. त्यांची घरे एके काळी माझ्या वहीत चुकीची भरली गेली होती, याबद्दल आज या व्यासपीठावरून मी त्यांची क्षमा मागतो.

गणित माणसाला कोरडे करते असे म्हणतात. मला गुरुजींनी जे गणित शिकविले, ते बंद दारापुढे थांबायला सांगणारे होते. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी आपली रजा घेतो.